आधीचा फोटो

४ मार्च

चिंगे,

आशीर्वाद लिहायची जागा मुद्दाम कोरी सोडली आहे. फोनवर तू मला ब्लॉक केलंस म्हणून कागद घेऊन बसले. पत्ता तुझ्या मशीनच्या खोक्यावर छापलेला असतो, तोच घातला आहे. म्हणजे हे पत्र बहुधा तक्रारींच्या गठ्ठ्यात जाऊन पडेल. पडू दे, तक्रारच आहे.

काल दुपारी पार्लरमध्ये शाळेतल्या बाई आल्या होत्या. त्यांच्या भुवया झाल्या, मी दोरा गुंडाळत होते आणि त्या फोन चाळत बसल्या होत्या. मध्येच थांबल्या, फोन माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "अहो, या तुम्ही तर नाही?"

मीच होते. नाकाच्या खालपासून गळ्यापर्यंत. हनुवटीवर काळे राठ केस, ओठाखाली माझा तीळ. वर मोठ्या अक्षरात 'आधी'. शेजारी गुळगुळीत हनुवटी, तोच तीळ आणि वर 'नंतर'. खाली तू हसत उभी, हातात ते उजेडाचं मशीन. 'आता पार्लरला जायची गरज नाही, केस कायमचे विसरा.'

मी म्हणाले, "छे हो, मी कशाला असेन?" बाई माझ्या तिळाकडे बघत राहिल्या आणि मग फार हळू आवाजात म्हणाल्या, "हो, नसालच." त्यांनी इतकं समजून घ्यायला नको होतं. त्यापेक्षा हसल्या असत्या तरी चाललं असतं.

फोटो कधीचा ते मला आठवतं आहे. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हाचा. हाताला सुई लावलेली, आरसा धरायची ताकद नाही. मी तुला म्हटलं, दार लाव आणि चिमटा आण, हे यायच्या आत एवढं करून टाक. तू म्हणालीस, "थांब ताई, आधी एक फोटो काढते. बरी झालीस की दोघी हसू."

रोज पहाटे बाथरूमचं दार लावून मी काय करते, ते जगात तुला एकटीला ठाऊक होतं. आईला नाही, तुझ्या दाजींना नाही. तुला कळलं ते तू लहान असताना आत शिरलीस म्हणून, आणि नंतर तूच माझी पाठराखण करायचीस. कुणाच्या लग्नात, कुठल्या समारंभात उजेडात उभी राहिले की नजरेने खूण करायचीस, ताई, डावीकडे एक राहिलाय.

पार्लर सोडून गेलीस तेव्हा मी अडवलं नाही. गिऱ्हाइकांचे नंबर घेऊन गेलीस, तेव्हाही मनात म्हटलं, जाऊ दे, पोट सगळ्यांनाच आहे. पण हे नाही.

आणखी एक. 'नंतर'ची हनुवटी तुझी आहे. आपल्या दोघींची ठेवण एक, हे आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, त्याचा चांगला उपयोग केलास. पण तुला तीळ नाही. तो तू आयब्रो पेन्सिलीने काढला आहेस आणि तो जरासा खाली उतरला आहे. पेन्सिल धरायला मीच शिकवलं, म्हणून चूक दिसली.

फोटो काढून टाक.

ताई


२२ मार्च

चिंगे,

फोटो काढला नाहीस. उलट आता तो बसथांब्यावरही लागला आहे. मी रोज त्याच्या खालून भाजी आणायला जाते.

तुझ्या दाजींच्या डेपोत तो फोनाफोनी फिरला. कुणा ड्रायव्हरने त्यांना विचारलं म्हणे, तुमच्या घरात एक वस्तरा लागतो की दोन? हे मला ह्यांनी सांगितलं नाही, कंडक्टरच्या बायकोने सांगितलं. हे नुसते घरी आले, हात धुतले, जेवले आणि ताट उचलताना म्हणाले, "तो फोटो काढायला लावू या."

मी म्हटलं, "कुठला फोटो?"

ते म्हणाले, "मला लग्नानंतर थोड्याच दिवसांत कळलं होतं. तू झोपेत हनुवटी हाताने झाकून घेतेस."

"मग कधी बोलला नाहीत?"

"तू लपवत होतीस, म्हणून."

एखादीला हे ऐकून बरं वाटलं असतं. मला वाटलं नाही. मी इतकी वर्षं कुणाच्या आधी उठत होते? तापात, प्रवासात, दुसऱ्यांच्या घरी पाहुणी असताना, कुणापासून लपवत होते? निदान आपण लपवलं आहे, एवढं तरी माझ्याजवळ होतं. तेही तू नेलंस.

काल तुझं मशीन विकत आणलं. मोबाइलच्या दुकानात चार्जरशेजारी टांगलेलं असतं. पांढरं, कडेला सोनेरी पट्टी, शॅम्पूच्या रिकाम्या बाटलीएवढं हलकं. दुकानदार म्हणाला, "ताई, दवाखान्यातलंच आहे हे, फक्त स्वस्त." आतल्या पुस्तिकेत त्वचेच्या रंगांचे चौकोन छापले आहेत, गोऱ्यापासून काळ्यापर्यंत. शेवटच्या चौकोनांवर फुली आहे. ती फुली इतकी बारीक की मी खिडकीशी नेऊन पाहिली. ते पान मी आरशाशी नेऊन गालाशेजारी धरलं. चेहऱ्याचा माझा रंग फुलीतला निघाला, झाकलेले पाय तेवढे फुलीबाहेर राहिले. तुझाही तोच आहे. व्हिडिओत तर म्हणतेस, सगळ्या रंगांना चालतं.

मी वापरणार आहे. पायांना आणि हनुवटीच्या फक्त डाव्या बाजूला. रंगाचं तेवढं तुझ्या व्हिडिओवर सोडून बाकी पुस्तिकेत सांगितलं आहे तसंच, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. म्हणजे उद्या तुला म्हणता येणार नाही, की ताईने चुकीचं वापरलं.

ताई


१० मे

चिंगे,

आधी तुझ्या बाजूचं सांगते. पायाचे केस विरळ झाले. मला सांगायला आवडत नाही, पण झाले. नडगीवर हात फिरवला की फरक कळतो. ज्या दिवशी कळला त्या दिवशी मी दिवसभर चिडचिड करत होते. आई म्हणाली, "पाय दुखतोय का?" दुखत नव्हता. मला ते मशीन सपशेल खोटं निघायला हवं होतं आणि ते थोडं खरं निघालं.

आता माझ्या बाजूचं. हनुवटीच्या डाव्या बाजूला आधी आग झाली, मग पापुद्रा धरला, आता चट्टा आहे. जळक्या पोळपाटासारखा दिसतो. आणि केस तसेच. चट्ट्याच्या कडेने तर पूर्वी लव होती तिथे आता चांगले धरून आले आहेत. आईच्या हनुवटीवर दोन पांढरे केस आहेत, तिच्या हट्टापायी तिथेही उजेड मारून पाहिला. ते जागचे हलले नाहीत.

त्वचेच्या डॉक्टरणीकडे गेले. तिने मशीन हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं. म्हणाली, हा उजेड काळा रंग शोधत जातो. कातडी उजळ आणि केस काळा असला तर केसाला धरतो. कातडीच सावळी असली तर कातडीला धरतो. पांढरा केस त्याला दिसतच नाही. आणि हनुवटीचे केस शरीराच्या आतल्या गडबडीने येतात, बाहेरून कितीही दिवा दाखवा. मी विचारलं, मग असली मशीन घ्यावीत की नाही? ती म्हणाली, "पायाला, हाताला, उजळ रंग असेल आणि महिनोन् महिने चिकाटीने बसायची तयारी असेल तर घ्या. पण त्वचेचा रंग स्वतः ओळखून बंद पडणारं घ्या. हे बंदच पडत नाही. आणि कायमचं काही नसतं, सोडलं की हळूहळू परत येतात."

मी आता सगळ्यांना हेच सांगते, पायांचं धरून. मला नुसतं वाईटच सांगता आलं असतं. पण मग तू म्हणाली असतीस, ताईचं पार्लर ओस पडलं म्हणून ती जळते. तुला तेवढी फट मी ठेवणार नाही.

आणि आता बँकेतल्या कॅशियरचं. आठवते ना, तिचे हात तूच करायचीस, तुला बांगड्या आणून दिल्या होत्या तिने. परवा आली ती तोंडाला रुमाल लावून. रुमाल काढला तर वरच्या ओठावर तपकिरी पट्टा, कडेला टोकं काढलेला. थेट मिशीचा आकार. केस थोडे गेले आहेत, हे तीही कबूल करते. पण पूर्वी जी लव जवळ आल्याशिवाय दिसत नव्हती, तिच्या जागी आता काचेपलीकडूनही दिसणारी मिशी आहे.

ती म्हणाली, "लोक आधी माझ्या ओठाकडे बघतात, मग पैसे मोजायला घेतात. एक म्हातारा तर मला साहेब म्हणाला."

मी विचारलं, "तू पुस्तिका वाचली नाहीस?"

"कशाला वाचू? चिंगी सांगत होती ना. म्हटलं आपली मुलगी आहे. आणि तो फोटो बघितला."

तिने तुला फोन केला होता. तू म्हणालीस, "जास्त वेळ दाबून धरलं असेल तुम्ही."

मग ती माझ्या चट्ट्याकडे बघायला लागली, मग तिळाकडे. मी या वेळी नाही म्हणाले नाही. म्हटलं, हो, मीच ती. ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला मशीनने गुण आलेलाच नाही. त्या फोटोवर विश्वास ठेवून मी तोंड भाजून घेतलं." तिने मला दोष दिला नाही. पण चेहरा माझा होता, चिंगे. माझा चेहरा दाखवून तू तिला फसवलंस. माझी बेअब्रू मी कदाचित गिळली असती. ही गिळणार नाही.

ताई


३० मे

चिंगे,

आईला फोन केलास ते कळलं. म्हणालीस, हॉलमधलं प्रदर्शन तेवढं पार पडू दे, माझा स्टॉल आहे, कंपनीचा माणूस येणार आहे, तो तीन शहरांची एजन्सी देईल, मग फोटो काढते, ताईला समजव. आईने समजावलं. तिला फोटोचं नीट माहीत नाही, तिला वाटतं आपण गिऱ्हाइकांवरून भांडलो.

मला पटलं. तुझ्या पोटावर पाय आणून मला काय मिळणार? प्रदर्शनाला मी येणार नाही. तू निवांत राहा. हॉलमध्ये हवा खेळत नाही, असं इथल्या एक बाई सांगत होत्या, स्टॉलवर पंखा ठेव.

इकडे ठीक. मी हल्ली पहाटे उठत नाही. चांगलं उजाडेपर्यंत झोपते. पार्लरही आठवडाभर बंद ठेवलं आहे, तोंड दाखवण्यासारखं नाही म्हणून.

ताई


११ जून

चिंगे,

स्टॉलच्या मागून तुला काय दिसलं, ते तुझं तू जाणतेस. मी उभी होते तिथून काय दिसलं, ते लिहिते.

मला वाटलं होतं, दारातूनच परत फिरावंसं वाटेल. पंधरवडाभर चिमटा हातात घेतला नव्हता. डावीकडे चट्टा, चारही बाजूंनी केस. बसमध्ये शेजारच्या बाईने मुलाला पलीकडच्या मांडीवर घेतलं. कॅशियर बरोबर होती, तिने रुमाल लावला होता. हॉलच्या पायऱ्यांवर तिने तो काढून पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "चला."

तुझा स्टॉल लांबूनच ओळखू आला. माझी हनुवटी माझ्या उंचीची होती. इतकी मोठी की एकेक केस बोटाएवढा. मी जाऊन त्या बोर्डाशेजारी उभी राहिले. बोलले काहीच नाही. भांडायचं असतं तर घरीच भांडले असते.

पहिल्यांदा लक्षात आलं ते एका कॉलेजातल्या मुलीच्या. तिने बोर्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत बोर्डाकडे पाहिलं.

"हे तुम्ही आहात?"

"हो."

"मग आत्ता मशीन वापरायच्या आधीच्या आहात का?"

"नाही. वापरून झाल्यावरची आहे."

तिने मैत्रिणीला हाक मारली. मग आणखी दोघीचौघी आल्या. कॅशियर माझ्या पलीकडे येऊन उभी राहिली. तिलाही कुणी विचारलं. ती नेहमीच्या कॅशियरच्या आवाजात म्हणाली, "यांच्याकडूनच घेतलं. पावती आहे."

तू माइकवर बोलत होतीस. गर्दी तुझ्याकडे पाठ करून का उभी आहे, ते बघायला तू मान वर केलीस. तुझा चेहरा मी पाहिला. खोटं सांगत नाही, तेवढ्यासाठी मी तीन महिने वाट पाहिली होती.

तू जवळ येऊन कानात म्हणालीस, "ताई, पाया पडते, घरी बोलू."

मी म्हटलं, "माझा फोटो इथे लावलाय, मग इथेच बोलू."

तेवढ्यात तो कंपनीचा माणूस आला, सूटवाला. हुशार आहे तो. माइक घेऊन म्हणाला, बघा, यांनी नियमित वापरलं नाही तर असं होतं, आमच्या मॅडम आता यांनाच सगळ्यांसमोर करून दाखवतील. आणि मला खुर्ची दिली.

मी बसले. चिंगे, त्याने खुर्ची दिली नसती तर मी मागून घेतली असती.

मी हनुवटी वर केली आणि म्हटलं, "कर. चट्ट्याच्या शेजारीच कर. शेवटच्या नंबरावर."

तू मशीन उचललंस. चालू केलंस. तो पंख्यासारखा बारीक आवाज सुरू झाला. तुझा अंगठा बटणावर होता आणि काच माझ्या कातडीला लागली होती, गार. बायका पुढे वाकल्या होत्या. सूटवाला म्हणाला, "मॅडम, दाबा."

तुझे डोळे माझ्या डोळ्यांपासून एवढ्याशा अंतरावर होते. मी पापणी हलवली नाही.

तू मशीन खाली घेतलंस. बंद केलंस. सूटवाला परत म्हणाला, "अहो, दाबा ना." तू त्याला म्हणालीस, "नाही. भाजेल तिला."

माइक त्याच्या हातात होता, चालू. सगळ्या हॉलने ऐकलं.

त्यानंतरचं तुला ठाऊक आहे. कोण खोकी परत घेऊन आलं, सूटवाला कसा मागच्या दाराने गेला. मी ते बघायला थांबले नाही. माझं काम झालं होतं.

लोकांना वाटतं, मी चेहरा दाखवून तुला हरवलं. तसं नाही. नुसता चेहरा दाखवून तू सावरली असतीस. तुला बोलायला कुणी शिकवायला नको. तू बटण दाबणार नाहीस, हे मला माहीत होतं. बसमध्ये बसले तेव्हाच माहीत होतं. सगळ्या जगाला भाजून काढशील, पण मला समोरासमोर भाजणार नाहीस. आपल्यात जे काही उरलं असेल नसेल, ते मी ओळखलं आणि त्याच्यावरच डाव लावला. तू माझा चेहरा वापरलास, मी तुझी माया वापरली.

घरी आले तेव्हा फार मोकळं वाटेल असं वाटलं होतं. जेवण चांगलं गेलं. झोपही लागली. पण तू "भाजेल तिला" म्हणालीस तो आवाज, तो तुझा लहानपणीचा आवाज होता, आणि तो ऐकल्यावर मला उठून तुला जवळ घ्यावंसं वाटलं होतं. मी घेतलं नाही. घेणारही नव्हते. हे तुला कळावं म्हणून लिहिते आहे.

ताई


२७ जुलै

चिंगे,

तुझं पत्र मिळालं. मी एवढी पानं लिहिली, तू चार ओळी. एजन्सी गेली, बोर्ड उतरवले, व्हिडिओ काढले, आणि शेवटी 'ताई, परत पार्लरमध्ये येऊ का'.

माफी मागितली नाहीस ते बरं केलंस. मागितली असतीस तर द्यायची की नाही, या विचारात मी पडले असते.

आईला आता सगळं सांगितलं आहे. तिने फोटो मागून घेतला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाली, "दोघीही माझ्याच." मग दोन दिवस आपल्या दोघींचंही नाव घेतलं नाही.

तू गेल्यावर मी एक मुलगी ठेवली. हात हलका आहे, तोंड बंद असतं. भुवया, हात, पाय सगळं तीच बघते. तुझी खुर्ची आता तिची आहे आणि ती मी तिच्याकडून काढून घेणार नाही. तिच्या हाताखाली काम करायची तयारी असेल तर ये. फरशी पुसायची, टॉवेल धुवायचे, मेण गरम करून द्यायचं. ती तुझ्याहून लहान आहे. तिला तू अहो-जाहो करायचं.

गिऱ्हाईक तुला ओळखतील. कुणी तोंडावर बोलेल, कुणी मागून. मी मध्ये पडणार नाही.

आणि एक काम फक्त तुझं. कॅशियर बँक सुटल्यावर रोज येते. डॉक्टरणीने तिला मलम दिलं आहे, ओठावर हलक्या हाताने, डागाच्या रेघेबाहेर न जाता लावावं लागतं, आणि तिला स्वतःला आरशात बघून ते करवत नाही. आजवर मी लावत आले. उद्यापासून तू लावायचं. बोलायचं काही नाही, सबब सांगायची नाही. तिने विचारलं तरच उत्तर द्यायचं, आणि खरं द्यायचं.

तिची हरकत असेल असं वाटलं, म्हणून आधी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "येऊ दे. मला तिचं तोंड जवळून बघायचंय."

डाग गेला की आपण दोघी आपलं बोलू. डॉक्टरीण म्हणते, वर्ष लागेल. पूर्ण जाईल, असं ती म्हणत नाही.

ताई